घरात मिस्त्री आहेत

तुमसरात घराचं काम काढायचं तर पंचांग नंतर बघतात, आधी धान बघतात. आषाढात धानाचे पऱ्हे तयार झाले की रेजा, म्हणजे बांधकामावरची मजूर बाई, मिळत नाही. ती रोवण्याला जाते. बांधीत गुडघाभर चिखल असला तरी तिथे सोबतिणी असतात, हसणं-बोलणं असतं. ते सोडून ती एकटी तुमच्या घरची घमेली उचलायला का येईल? दिवाळीच्या सुमारास धानाची कापणी, आणि भाऊबीज झाली की गावोगावच्या मंडया सुरू होतात. आज या गावची, उद्या त्या गावची. रात्रभर दंडार नाहीतर नाटक. दुसऱ्या दिवशी मिस्त्री दहा वाजता डोळे चोळत आला तरी त्याला काही म्हणता येत नाही, कारण आपणही रात्री तिथेच होतो. चैतात मोहफुलं, वैशाखात तेंदूपत्ता. पावसाळ्यात रेतीघाट बंद, मग वैनगंगेची रेती मिळेल त्या भावाने. या सगळ्यातून जी फट उरते तीत घर फोडायचं आणि पुन्हा उभं करायचं. आम्ही मे महिना धरला, कारण मला शाळेची सुट्टी होती. सोय माझी झाली, ऊन त्यांच्या वाट्याला आलं.

आमचं घर जुन्या वस्तीतलं. पुढे कवेलूची सपरी, मधे माजघर, मागे सासऱ्यांनी टाकलेल्या स्लॅबच्या खोल्या. काम म्हणजे स्वयंपाकघर, न्हाणी, संडास आणि सगळी फरशी. मिस्त्री कटंगीकडचे, म्हणजे मध्य प्रदेशातले; मराठी, हिंदी आणि पोवारी त्यांच्या एकाच वाक्यात सुखाने नांदायची. सोबत पुतण्या. दोन रेजा जवळच्याच खेड्यातल्या: एक साठीला टेकलेली, दुसरी जेमतेम पंचविशीतली, कडेवर पोरगं. टाइल्सवाला राजस्थानी. नावं लिहीत नाही. त्यांना विचारलेलं नाही.

पाहुणा आला की त्याला कुठवर येऊ द्यायचं हे आपल्याला न शिकवता कळतं. बहुतेकांना सपरी, थोड्यांना माजघर, स्वयंपाकघरात फक्त घरचं माणूस. मिस्त्री पहिल्याच दिवशी थेट स्वयंपाकघरात शिरतो, दुसऱ्या दिवशी न्हाणीत. कपाट सरकवल्यावर दिसलेली ओल, सिलिंडरखालचा गंजाचा गोल, फ्रिजमागची जाळी, आणि डाळीच्या डब्यामागे सासूबाईंनी कधीतरी ठेवलेल्या, २०१६ च्या नोटबंदीत बाद झालेल्या पाचशेच्या नोटा, हे सगळं त्याने माझ्याआधी बघितलं. नोटा त्याने शर्टाला पुसल्या, खिडकीत ठेवल्या आणि ‘आजीले देजा जी’ एवढंच म्हणाला. जे घर मी नणंदेलाही दाखवलं नसतं ते त्याने उघडं पाहिलं आणि त्यावर चकार शब्द काढला नाही. पाहुण्यांशी कसं वागायचं याचं आपल्याकडे केवढं शास्त्र: पाट, ताट, आग्रह, निघताना हातावर दही. दिवसभर आपल्या चुलीपाशी वावरणाऱ्या माणसाबद्दल मात्र त्या शास्त्रात काही सापडत नाही.

आणि तरी तो चपला दारात काढायचा. आत फरशी उरलेली नव्हती. फुटलेल्या लाद्यांचे तुकडे, खिळे, जुन्या नळाच्या गंजक्या तोट्या. त्यातून तो अनवाणी फिरायचा. मी म्हटलं, मिस्त्री, चपला घाला, खिळा जाईल पायात. तो म्हणाला, ‘देवघर हाये जी मॅडम.’ देव आम्ही आदल्याच दिवशी सपरीतल्या कपाटात हलवले होते. भिंतीला नुसता कोनाडा आणि त्यावर दिव्याच्या काजळीचा डाग राहिला होता. मी ते सांगितलं. त्याने माझ्याकडे न बघता सपरीकडे बघितलं. सासूबाई तिथूनच ओरडल्या, ‘घाल रे बाबा, देव माह्याजवळ बसले हायेत.’ मग सगळ्यांच्याच चपला आत आल्या.

ज्या घराची जमीन त्याने स्वतःच्या हातांनी उकरली तिथे चप्पल घालायलाही त्याला कुणाच्या तरी होकाराची वाट बघावी लागली. कामावरच्या माणसाशी नीट वागायचं म्हणजे काय, हा विचार त्या सुट्टीत माझ्या डोक्यात सारखा घोळत होता, आणि दर वेळी तो इथेच येऊन थांबायचा. या माणसाला काय-काय मागावं लागतं? आणि त्यातलं कितीतरी त्याने मागायच्या आधीच तिथे का नसतं?

चहाचं आपण फार कौतुक करून घेतो. ‘आम्ही आमच्या मजुरांना दोन वेळा चहा देतो’ हे वाक्य मी या गल्लीत कितीदा ऐकलंय. द्यावाच. पण कशातून देता, हे कुणी सांगत नाही. आमच्याकडे गोठ्याच्या भिंतीत एक कोनाडा होता. गाई गेल्या, गोठ्यात मोटारसायकल आली, तरी कोनाड्यात कानतुटके कप पालथे पडलेले असायचे. लग्न होऊन आले तेव्हा मी ते बघितले. ते कुणासाठी, हे मला कुणी सांगितलं नाही. महाराष्ट्रात वाढलेल्या बाईला ते विचारावं लागत नाही. आमचा जिल्हा भंडारा. याच भंडाऱ्यातून १९५४ च्या लोकसभेच्या पोटनिवडणुकीत डॉ. आंबेडकर उभे राहिले आणि पडले. पुढच्याच वर्षी अस्पृश्यता पाळणं हा गुन्हा ठरवणारा कायदा झाला. असे कोनाडे तेव्हा घरोघर असतील, आणि कायदा झाल्यावरही ते कुणी बुजवले नाहीत.

आता किराणा दुकानात कागदी कपांची चवड मिळते. घासायला नको, फुटायला नको, म्हणून घरोघर कामावरच्या माणसांना त्याच कपात चहा जातो. मला त्या कागदी कपाचा संशय येतो. तेरवीला, लग्नाला सगळ्यांना तोच, ती गोष्ट वेगळी. पण घरात मोजकी माणसं, कपाटात दोन डझन कप, पाहुण्याला चिनीमातीचा आणि मिस्त्रीला कागदी, असं होतं तेव्हा त्या सोयीखाली जुना कोनाडाच असतो. फक्त आता कुणाला कप पालथा घालून ठेवावा लागत नाही, कचऱ्यात टाकला की झालं. मिस्त्री आले त्या दिवशी शेजारच्या काकाजींनी त्यांना ‘कुठले तुम्ही, आडनाव काय’ असं विचारून घेतलंच होतं. उत्तर संध्याकाळपर्यंत माझ्याकडे पोचलं. तेही इथे लिहीत नाही.

आम्ही घरचे स्टीलचे ग्लास काढले. सासूबाई काही बोलतील असं मला वाटलं होतं. त्या बोलल्या, पण भलतंच. ‘नुसता चाय? मानूस उन्हातून आला, पोटात काई हाये का त्याच्या, इचारलं का तू?’ दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतः कैऱ्या उकडून पन्हं करायला घेतलं, तिखटमिठाचे मुरमुरे कालवले. याच हातांनी ते कप वर्षानुवर्षं कोनाड्यात पालथे घातले, आणि याच हातांनी भरवल्याशिवाय दारातून कुणाला जाऊ दिलं नाही. दोन्ही गोष्टी माझ्या डोळ्यांसमोरच्या आहेत आणि मला त्यांचा मेळ घालता येत नाही. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत राहणारे आमचे नातेवाईक हे ऐकून हळहळतात, खेड्यात अजून असं चालतं म्हणतात. त्यांच्याकडे कामवाल्यांची लिफ्ट वेगळी असते, पाटी लावलेली. त्यांचा कोनाडा खाली-वर जातो, एवढंच.

चहाची वेळही आपण ठरवायची नसते. मसाला कालवला की सिमेंट कुणासाठी थांबत नाही; अर्ध्या-पाऊण तासात ते आवळायला लागतं. घरची बाई मोठ्या प्रेमाने ट्रे घेऊन येते, ‘आधी चहा घ्या, गार होईल’ म्हणून उभी राहते, आणि मिस्त्री संकोचाने थापी खाली ठेवतो. चहा गरम मिळतो, घमेलंभर मसाला दगड होतो, आणि तो दगड कुणाच्या हिशेबात धरायचा हे मग कुणी बोलत नाही. आग्रहाशिवाय आपला पाहुणचार होत नाही, कामावर मात्र तो आग्रह नडतो. आम्ही थर्मास भरून खिडकीत ठेवू लागलो. स्लॅबच्या दिवशी तर विचारूच नये. माल सुरू झाला की शेवटच्या घमेल्यापर्यंत हात थांबत नाहीत, मधे थांबले तर जोड राहतो आणि पुढे तिथूनच पाणी झिरपतं. म्हणून स्लॅबचं जेवण काम आटोपल्यावर असतं, मग चार वाजोत की रात्रीचे आठ.

धाकटी रेजा चहा घ्यायची नाही. पाणीही नाही. मे महिन्यात भंडाऱ्याचं ऊन पंचेचाळीसच्या घरात जातं, ती डोक्यावर रेती घेऊन मागच्या दाराने ये-जा करते, माठातलं पाणी घेते ते तोंडावर मारते आणि परत फिरते. ‘चाय नाई आवडत जी मले.’ थोरली घ्यायची, पण अर्धा ग्लास, तोही संध्याकाळचा.

मला ते ओळखायला वेळ लागला नाही. माझी पहिली नोकरी एका खेड्यातल्या शाळेत होती आणि तिथे संडास नव्हता. आम्ही तिघी बाया सकाळी घर सोडताना पाणी सोडायचो ते संध्याकाळी घरी येऊनच प्यायचो. डबा खाल्ल्यावर घोटभर, घास उतरावा म्हणून. लघवीची जळजळ, ताप, मूतखडा हे आम्ही आळीपाळीने भोगलं. सोबतचे मास्तर म्हणायचे, बायांना तहानच कमी लागते. त्यामुळे चहा न आवडणारी बाई मला लांबूनही कळते.

आमच्या घरात संडास एकच, मागच्या आवारात, आणि तोच फोडायचा होता. मिस्त्रीचा हिशेब सरळ होता: जुना फोडू, त्याच टाक्याला नवी लाइन जोडू, सीट बसून वाळेपर्यंत घरच्यांनी शेजारी जावं. घरच्यांनी कुठे जावं हे त्याने न विचारता सांगितलं. रेजांनी कुठे जावं हे कुणाच्या बोलण्यात आलं नाही, कारण त्या पहिल्या दिवसापासून कुठेतरी जातच होत्या. तिरोडीकडे जाणाऱ्या रेल्वेलाइनच्या कडेला बाभळी आहेत, तिथे. दोघी मिळून, एकीने पाठ फिरवून उभं राहायचं. भर बाराच्या उन्हात. आणि येऊन परत माझ्या संडासाच्या विटा वाहायच्या. २०१४ नंतर देशात संडास बांधायची केवढी मोहीम निघाली. त्या भिंतींची रेती कुणाकुणाच्या डोक्यावरून आली असेल, आणि त्या बाया मधल्या वेळात कुठे गेल्या असतील?

सवयीने मी कायदा काढून बघितला. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली केंद्राने कायदा केला. कामाच्या जागी पिण्याचं पाणी, संडास-मुताऱ्या, राहायला तात्पुरती जागा, पन्नासपेक्षा जास्त बाया कामाला असतील तर पोरांसाठी पाळणाघर, असं सगळं त्यात लिहिलं. पण तो लागू व्हायला दहा तरी कामगार हवे होते, आणि कुणी स्वतःच्या राहत्या घराचं काम काढलं असेल अन् खर्च दहा लाखांच्या आत असेल, तर त्याला तो कायदा लागू नव्हता, हेही त्यातच लिहिलं होतं. आमचं काम दहा लाखांच्या कितीतरी आत. रोजगार हमीच्या कामावर, उघड्या रस्त्याच्या कडेला, पाणी आणि सावली द्यावी लागते. पाच लहान पोरं सोबत असली तर ती सांभाळायला एक बाई नेमावी लागते. आमच्याच तालुक्यात डोंगरी बुजुर्गला आणि चिखल्याला मँगनीजच्या खाणी आहेत. १९५२ च्या खाण कायद्याने तिथे पिण्याचं पाणी, बायांचे आणि पुरुषांचे वेगळे संडास सक्तीचे केले. मँगनीजच्या खड्ड्यात जो नियम आहे तो माझ्या स्वयंपाकघरात नाही. लहान-लहान घरांत सरकारने डोकवावं असं मीही म्हणणार नाही. पण मग तिथे घरच्या बाईची मर्जी तेवढी उरते, आणि मर्जीच्या भरवशावर पाणी प्यायला धाकटी तयार नव्हती.

आम्ही क्रम फिरवला. न्हाणीला लागून नवा संडास आधी, जुना फोडायचा तो सगळ्यात शेवटी. मिस्त्रीला पटलं नाही. लाइन दोनदा जोडावी लागणार, प्लंबर दोनदा येणार, पाइपचे तुकडे वाया जाणार. ‘कायले फालतू खर्च करता जी?’ खर्च झाला. फार नाही, पण झाला. क्रम का फिरवला ते मी त्याला सांगितलं नाही. थोरल्या रेजेला सांगितलं. तिने त्याला काय सांगितलं कुणास ठाऊक, नंतर त्याने तो विषय काढला नाही.

तेवढ्याने भागलं नाही. संडास आहे म्हणून कुणी वापरायला लागत नाही. ‘इथे जात जा हं’ म्हटलं की दोघी माना डोलवायच्या आणि बाभळींकडे निघायच्या. माझ्या त्या ‘हं’मध्ये काहीतरी असावं. शेवटी सासूबाई उठल्या. बादली भरली, त्यात टमरेल टाकलं, साबणाची वडी ठेवली, आणि धाकटीला हाताला धरून नेऊन आतून कडी कशी लागते ते दाखवलं. कडी नवी, तेल न घातलेली, कुरकुरणारी. पोरीने ती लावून बघितली, काढून बघितली, परत लावली. त्या दिवशी चारच्या चहाला तिने ग्लास पुढे केला, आणि एक घोट घेऊन म्हणाली, साखर कमी हाये.

बाकीच्या गोष्टी त्यामानाने सोप्या होत्या. दुपारी डबे उघडायचे: भात, लाखोरीची डाळ, अंबाडी, कधी सुक्या झिंग्यांची चटणी. जेवण झालं की सपरीत तासभर आडवं व्हायचं. पंखा लावू का, असं त्यांच्यातलं कुणी कधी विचारलं नसतं, म्हणून बटण आधीच दाखवून ठेवलं. पोराची झोळी सपरीच्या मयालीला बांधली. सासूबाई एका हातात पोथी धरून दुसऱ्या हाताने दोरी ओढायच्या, आणि ते रडलं की मोठ्याने वाचायच्या. टाइल्सवाल्याच्या कटरला पिन नव्हती. वायरची दोन्ही उघडी टोकं तो सॉकेटात खोचायचा आणि निसटू नये म्हणून आगकाडी दाबायचा. सगळीकडे हेच करतात. खाली ओली जमीन, हातात फिरतं पातं. पिन वीस-तीस रुपयांना येते. तो म्हणाला, पिन निघून येते मॅडम, काडी पक्की राहते. तरी लावली. टाइल कोरडी कापू नका, पाणी सोडून कापा, हेही सांगितलं, कारण ती धूळ छातीत बसते. त्याचं त्याने अर्धं ऐकलं, अर्धं नाही.

या सगळ्यापेक्षा मोठा जाच म्हणजे पाठीशी उभं राहणं. माझा नवरा बँकेतून निवृत्त झालेला, हातात मोबाइल, मोबाइलमध्ये टाइल बसवायचे व्हिडिओ. तो मिस्त्रीच्या मागे उभा राहून ‘इथे अर्धा सूत फरक वाटतो का हो?’ असं विचारायचा. मिस्त्री लेव्हल पाइप आणून दाखवायचा. परत दोन टाइलनंतर तेच. एका दुपारी मिस्त्रीने रबरी हातोडी त्याच्यापुढे धरली आणि अगदी नम्रपणे म्हटलं, ‘घ्या जी भाऊ, एक तुमी बसवा.’ नवऱ्याने बसवली. ती अजून स्वयंपाकघराच्या दाराशी आहे, चालताना अंगठ्याला लागते. त्यानंतर तो सपरीत पेपर वाचू लागला. लक्ष ठेवूच नये असं नाही. नव्या सिमेंटवर तराईचं पाणी आम्हीच सकाळ-संध्याकाळ मारायचो, तो कामातला आमचा वाटा होता. पण कामावर लक्ष ठेवणं वेगळं आणि माणसावर नजर ठेवणं वेगळं, ते पाठीला बरोबर कळतं.

उलट, ओट्याची उंची ठरवताना मिस्त्रीने काय केलं ते सांगते. मी कुठल्याशा मासिकात वाचलेले इंच त्याला सांगितले. तो म्हणाला, ‘उभ्या राहा जी मॅडम, हात असा दुमडा.’ माझ्या कोपराखाली वीट धरून त्याने भिंतीवर खूण केली. मग विचारलं, जास्त कोण रांधते? मी म्हटलं, सुट्टी सोडून आईच. त्याने सासूबाईंना बोलावलं, त्यांच्या कोपराशी वीट धरली, आणि माझी खूण ओल्या बोटाने पुसली. चार दिवसांसाठी आलेल्या माणसाने हे बघितलं; आम्ही या घरात इतकी वर्षं एकत्र स्वयंपाक करतो, सासूबाई टाचा उंचावून भाजी ढवळतात हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं.

पैशांचं बोलायला आपण लाजतो आणि त्या लाजेत समोरच्याची रोजी अडकते. भाव मी आधीच करून घेतला होता, चांगली घासाघीस करून. त्यात मला काही गैर वाटत नाही, त्यालाही वाटलं नाही. प्रश्न असतो तो चुकारा कधी होतो याचा. इकडे हिशेब बाजाराच्या दिवशी करतात. आता बाजाराच्या दिवशी म्हणजे संध्याकाळी सातला, दिवसभराचं काम पुरतं करून घेतल्यावर, पाचशेच्या नोटा काढून ‘सुटे आहेत का?’ असं विचारलं, तर ती बाई बाजारात पोचेस्तोवर पालं उठलेली असतात आणि उरलेली वांगी किडकी. चार वाजता, सुट्या नोटांत दिले की तोच पैसा तिला भाजीसकट मिळतो. मिस्त्री म्हणाला, रेजांचे पैसे त्यांच्या घरवाल्यांच्या फोनवर टाका मॅडम, सोपं पडते. धाकटी काही बोलली नाही, पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. मी रोख दिले, तिच्या हातात.

आमचे सासरे सांगायचे, पूर्वी गावचा वाढई नांगर-चौकटी करायचा आणि त्याचं बलुतं खळ्यावर धान मोजून मिळायचं. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’त या देण्याघेण्याचा सगळा पसारा आहे, आणि तो वाचताना त्या काळाबद्दल हळवं व्हावंसं वाटत नाही. शेतकऱ्याला द्यावं लागायचं हे खरं, पण वाढयालाही नाही म्हणता यायचं नाही. त्यातली एक चाल मात्र अजून टिकून आहे: चौकट बसते त्या दिवशी नारळ फुटतो, चौकटीला हळदकुंकू लागतं, मिस्त्रीला दुपट्टा-टोपी आणि रेजांना लुगडं. आम्हीही केलं. पुतण्याला टोपी मोठी झाली, ती त्याच्या कानांवर बसली, आणि थोरलीने लुगड्याचा पोत बोटांत चोळून बघितला, जसा कुठलीही बाई आहेराच्या साडीचा बघते.

समोरच्या काकू हे सगळं गॅलरीतून बघत होत्या. ‘तुम्ही फार डोक्यावर चढवून ठेवता,’ त्या म्हणाल्या, ‘मग आमच्याकडे येऊन भाव वाढवतात.’ त्यांचं अगदीच चुकीचं नाही. एका घरी पंखा-पन्हं मिळालं की दुसऱ्या घरी ते नसल्याचं जाणवणारच. मला त्याला उत्तर द्यावंसं वाटलं नाही. काही भाव वाढलेलेच बरे असतात. पण काकू समजतात तशी मी मऊही नाही. पुतण्याला खर्ऱ्याचं व्यसन. पन्नीत खर्रा घोटत बसायचा आणि पिंक कुठे, तर नव्या गिलाव्यावर. मी त्याला सगळ्यांसमोर झापलं, रंगाचा रिकामा डबा रेती भरून कोपऱ्यात ठेवला, आणि भिंत त्याच्याकडून धुऊन घेतली. माणुसकीने वागायचं म्हणजे पिंक सहन करायची असं कुठे लिहिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने माझ्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी पन्हं मागितलं.

काम उरकत आलं तेव्हा थोरलीने पिशवीतून एक कागद काढला. बांधकाम कामगारांच्या मंडळात नाव घालायचं तर मागच्या वर्षभरात नव्वद दिवस बांधकामावर राबल्याचा दाखला लागतो. तिचे नव्वद दिवस होते, जास्तच होते, पण आमच्यासारख्या कितीतरी घरांत सांडलेले: कुणाचा संडास, कुणाचा सज्जा, कुणाकडे नुसती तुळशीवृंदावनाची डागडुजी. यातल्या कुठल्याच घरी नव्वद भरत नाहीत, आणि अशा घरांचा हिशेब कुणी लिहून ठेवत नाही. मी आमच्याकडचे दिवस तारखा घालून लिहिले, सही केली, बाकीच्या घरी कशी चिठ्ठी मागायची ते सांगितलं, आणि सगळं घेऊन नगरपालिकेत कुठल्या टेबलाशी जायचं तेही. ती कागदाची घडी घालून म्हणाली, दोन घरचे लोक त आता वळखतही नाईत जी.

त्याच आठवड्यात समोरच्या काकूंनी मिस्त्रीचा नंबर मागितला. त्यांनाही न्हाणी करून घ्यायची होती. ‘आणि बायाही याच पाठव गं, हात साफ आहे त्यांचा.’ मी धाकटीला विचारलं, जाशील का? तिने पोरगं एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

‘जातो ना बाई. पन बायायले जाची जागा उघडी ठेवतेत का थे, येवढं पयले इचारून घ्या.’

‘आणि रोजी?’

‘रोजीचं मंग पाहू.’